दशावतार, संकल्पना माझी

४ जानेवारी १९७०, रविवार. सकाळी.

डोके अजून तापलेले आहे. काल राममंदिर कमिटीची मीटिंग. आपल्या आळीत स्वतःचे मंदिर होते आहे, रामनवमीला मूर्ती बसणार, आख्ख्या बोरिवलीत नाव होणार, आणि सभामंडपाच्या भिंतीवर लावायचे काय, तर कॅलेंडरातली चित्रे कापून काचेच्या फ्रेममध्ये! ही सूचना सेक्रेटरी मधुकर कोठारेची. मधुकर माझा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याची अक्कल मला पाठ आहे. मी उभा राहिलो. म्हणालो, दशावतार लावा, आणि तोही ताडपत्रावर कोरलेला. अध्यक्ष डॉक्टर धैर्यवान यांनी विचारले, कोरणार कोण? मी म्हणालो, मी.

मागून कोणीतरी हसले. कोण ते कळले नाही. कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत जगन्नाथपुरीला गेलो होतो. आई आणि सुनंदा दर्शनाच्या रांगेत असताना मी बाहेर चहा पीत एका चित्रकाराचे काम नीट पाहिले. ताडाच्या पानाच्या पट्ट्या दोऱ्याने शेजारीशेजारी शिवायच्या. लोखंडी टोकाने त्यांवर चित्र कोरायचे. वरून काजळ चोळायचे, फडक्याने पुसायचे. काजळ रेघांत राहते, बाकीचे निघून जाते. झाले. चहा संपेपर्यंत मला सगळे समजले होते. लोक उगाच पिढ्यान् पिढ्या शिकत बसतात.

संकल्प: रामनवमीपर्यंत मासे बंद. देवाचे काम आहे. सिगारेट बंद. राग बंद, कारण रागाने हात हलतो. हसणारा कोण होता ते मधुकरला विचारायचे.

८ जानेवारी. ऑफिसला जाण्यापूर्वी.

मथुरा कोळीण पाटी घेऊन आली. तिला शांतपणे सांगितले की आजपासून या घरात मासे नाहीत. तिने सुनंदाला विचारले, घरात कोणाचे काही बरेवाईट झाले का. सुनंदाने सांगितले की बंद फक्त ह्यांचे, आणि माझ्यादेखत दोन पापलेटे निवडून घेतली. एक आईला, एक स्वतःला. आईला अलीकडे कमी ऐकू येते, पण पापलेट म्हटलेले ऐकू आले.

मी चिडलो नाही. फक्त ताट जरा जोरात ठेवले.

मथुराचा एक उपयोग आहे. तिचा भाऊ हरेश्वर गोराईला ताडावर चढतो, ताडी काढतो. रविवारी या म्हणाली, पाहिजे तेवढी पाने तोडून देईल.

११ जानेवारी, रविवार.

गोराई. होडीने खाडी ओलांडून गेलो. हरेश्वर चांगला माणूस, पण बोलतो फार. त्याने पाने काढली आणि मला नीरा दिली. नीरा प्रकृतीला उत्तम असते म्हणून तीन गडू घेतली. दुपार झाली होती. परतताना खाडीचे पाणी मला बाधले.

ताडाच्या पानाच्या दांड्याला करवतीसारखे दाते असतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. होडीत एका गृहस्थाचे धोतर फाटले. त्यांनी मला नाही नाही ते ऐकवले. मी त्यांना सांगितले की तुमच्या धोतरापेक्षा मत्स्यावतार महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, मला प्यायलेल्या माणसाशी बोलायचे नाही. इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता. मी नीरा प्यायलो होतो हे मी होडीतल्या प्रत्येकाला वेगळे वेगळे सांगितले.

घरी आल्यावर झोपलो. समुद्राची हवा.

१४ जानेवारी. संक्रांत.

पाने हळदीच्या पाण्यात उकळावी लागतात, म्हणजे कीड लागत नाही. एवढी मोठी पाने कुठल्याच पातेल्यात मावेनात. शेवटी अंघोळीच्या तांब्याच्या बंबात घातली. त्यावरून सुनंदाने सकाळीच भांडण काढले. सणाच्या दिवशी! तिची हळदीकुंकवाची काळी चंद्रकळा बंबाजवळच वाळत होती, त्यात माझा काय दोष? चंद्रकळेवर हळद फारशी दिसतही नाही. आईच्या पांढऱ्या लुगड्यावर दिसते.

दिवसभर माणसे तिळगूळ देऊन गोड बोला म्हणत होती. एकेकाला कसे सांगायचे की मला आज अंघोळ मिळालेली नाही.

१८ जानेवारी, रविवार.

वाट लागली. पाने गच्चीवर कडक उन्हात पसरली होती. सगळी वळून पुंगळ्या झाल्या. आईने विचारले, पिपाण्या करणार आहेस का. मी गच्चीचे दार फक्त आपटले, त्याची कडी आधीपासूनच सैल होती.

काही पाने बंबाच्या तळाशी राहिली होती. ती सुनंदाने पुसून, स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या बाजूला दोरीवर सावलीत टांगली आहेत. धुराने ती सपाट आणि छान पिवळी होताहेत. मी हेच करणार होतो. तिने घाई केली.

२६ जानेवारी. सुट्टी.

आज काम खऱ्या अर्थाने सुरू. स्टेशनजवळच्या लोहाराकडून लोखंडी लेखणी करून आणली. खिडकीखाली चटई, चौरंग, उदबत्ती. राममंत्र म्हणून मत्स्यावताराला हात घातला.

पहिले पान चिरले. दुसरे चिरले. पान वाईट आहे. तिसऱ्यावर जोर कमी केला तर रेघच उमटेना. लेखणी वाईट आहे. शेजारच्या घरात रेडिओवर परेडची कॉमेंट्री लावली होती, प्रत्येक तुकडीबरोबर माझा हात सटकत होता. जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, आज प्रजासत्ताक दिन आहे. म्हणजे काय, कलाकाराने मरायचे?

तरी दुपारपर्यंत मत्स्य पूर्ण केला. आईने पाहून बोंबील का म्हणून विचारले. तेवढ्यात मथुरा आली होती, तिला सुनंदाने मुद्दाम आत बोलावून दाखवला. मथुराने बराच वेळ पाहून सांगितले की ह्याला कल्ले नाहीत, हा जगायचा नाही. मी तिला बजावले की हा देव आहे. ती म्हणाली, देव झाला तरी पाण्यात श्वास घ्यायला नको का.

सिगारेट ओढली. एकच. राग गिळण्यासाठी औषध म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार.

काजळ धरायचे काम सुनंदाला दिले. एरंडेलाचा दिवा लावून वर परात उपडी धरायची, जमलेली काजळी तेलात खलायची. कंटाळवाणे काम, तिला जमण्यासारखे. चोळणे आणि पुसणेही तिच्याकडेच. ती पुसते तेव्हा रेघा एकदम उठून येतात. माझ्याच रेघा असल्याने येणारच.

माझा हात जरा थरथरतो. अंगात जोर जास्त असला की असे होते. सुनंदाने विचारले, कडेची वेलबुट्टी मी करू का? तिने उशांच्या अभ्र्यांवर पुष्कळ भरतकाम केले आहे. कडा म्हणजे काही कला नव्हे. परवानगी दिली.

१५ फेब्रुवारी, रविवार.

कडा बरी झाली आहे. बरी म्हणजे तिच्या मानाने. पण कडा बारीक आणि आतला मत्स्य जाड, त्यामुळे मत्स्य उगाचच बेढब दिसतो. नाइलाजाने कडेला शोभेल असा दुसरा मत्स्य काढायला तिला सांगितले. मी शेजारी बसून मार्गदर्शन केले. ती म्हणाली, बोलू नका. मी मनात मार्गदर्शन केले.

ह्या मत्स्याला कल्ले आहेत. मथुराला दाखवू नकोस असे सुनंदाला बजावले. तिने दाखवला.

१ मार्च, रविवार.

काम झपाट्याने पुढे चालले आहे. मी सकाळी ऑफिसला जातो तेव्हा चौरंगावर कोरे पान असते, संध्याकाळी येतो तेव्हा अवतार झालेला असतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह झाले. मी जागेवर नसताना काम चालू राहते, याला मॅनेजमेंट म्हणतात. आमच्या सुपरिंटेंडेंटला हे कधी जमले नाही. परवा त्याने मला टेबलावर वामनाची छत्री गिरवताना पकडले आणि सगळ्या सेक्शनसमोर बोलला. छत्री फाईलवर गिरवली म्हणून! मी त्याला म्हणालो, फाईल सरकारची असेल, छत्री विष्णूची आहे. मेमो मिळाला.

नरसिंह मात्र पाहत राहावा असा झाला आहे. आयाळीची एकेक रेघ वेगळी, आणि मांडीवरच्या हिरण्यकशिपूचा चेहरा असा की त्याची दया यावी. सुनंदाला विचारले, हा चेहरा कुठून काढलास? तिने नुसते माझ्याकडे पाहिले. संकल्पना माझीच आहे.

८ मार्च, रविवार.

मधुकर काम पाहायला आला. पाहताच गप्प झाला. मधुकर गप्प झालेला मी शाळेपासून पाहिलेला नाही. श्याम, झकास रे, असे म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग मी त्याला सगळी प्रोसेस समजावली. उकळणे, वाळवणे, कोरणे, हातावरचा ताबा, श्वासावरचा ताबा. सुनंदाला चहा टाकायला पाठवले होते. मधुकरने विचारले, वहिनींची मदत होते का. मी म्हणालो, हो, पुसायला.

चहा आला. बिनसाखरेचा. मधुकरने मुकाट्याने प्यायला. मी तिला आत जाऊन विचारले तर म्हणाली, साखर घालणे ही काही कला नव्हे.

या बाईला अलीकडे काय झाले आहे?

१९ मार्च.

हँडबिले छापून आली. ‘ताडपत्रावरील अपूर्व दशावतार. कलाकार: श्री. श्यामसुंदर तळपदे.’ टाइप ठसठशीत. ऑफिसात वाटली. सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर दोन ठेवली.

सुनंदाने हँडबिल वाचले, घडी घातली आणि देवघरात ठेवले. मला वाटले अभिमानाने ठेवले.

२२ मार्च, रविवार. होळी.

व्रत मोडले. आईच्या आग्रहाने. म्हणजे आईने आग्रह केला नाही, पण तिच्या ताटातले सुक्या बोंबलाचे तोंडीलावणे माझ्या बाजूला होते. राम झाला, कृष्ण झाला, बुद्ध झाला. उरला कल्की. एवढे झाल्यावर एका बोंबलाने काही बिघडत नाही.

२९ मार्च, रविवार.

आज जे झाले ते लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी मला दोष द्यायला नको.

सुनंदा सकाळी चौरंगापाशी बसली. लेखणी हातात घेतली नाही. म्हणाली, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दोघांची नावे घालू या. आधी तुमचे, मग माझे. मी तिला समजावले. अगदी सौम्यपणे सुरुवात केली. म्हणालो, चित्र डोक्यात होते, हाताने नुसते उतरते. ताजमहालाचे दगड कोणी घासले ते कोणी विचारत नाही. गोराईला कोण गेले? होडीत शिव्या कोणी खाल्ल्या? मंदिर कमिटीत कोण उभे राहिले? तू पहिल्या दिवशी काय केलेस, तर पापलेट घेतलेस.

आवाज चढला असेल. शेजारचा रेडिओ बंद झाला एवढे आठवते. मी असेही म्हणालो की लेखणी धरायला काय लागते, ती कोणीही धरेल.

ती उठली. लेखणी पुसून चौरंगावर ठेवली, टोक माझ्याकडे करून नव्हे, दांडा माझ्याकडे करून. म्हणाली, “मग कल्की तुम्ही काढा.”

पिशवी भरली, आईच्या पाया पडली, तिला डोळ्यांच्या औषधाच्या वेळा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या आणि मुलुंडला तिच्या भावाकडे, अनंताकडे, गेली. दारापर्यंत आई गेली. मी गेलो नाही. मी कल्कीचा विचार करत होतो.

बरे झाले. शांतपणे काम होईल.

१ एप्रिल.

भात करपला. गॅस घ्यायला हवा, या चुलीवर कोणीही करपवील. घोड्याचा अभ्यास सुरू. बोरिवलीत टांगे उरलेत कुठे! स्टेशनबाहेर एक आहे, त्याच्या घोड्याकडे पाहत तासभर उभा होतो. टांगेवाल्याने विचारले, कुठे जायचे. घोडा बघतोय म्हटल्यावर त्याने घोडा विकायचा नाही असे सांगितले. वाद झाला.

५ एप्रिल, रविवार.

घोड्याला पाय चारच असतात, पण ते कुठून फुटतात हे कोणीच नीट सांगत नाही. तीन पाने गेली. शेवटच्या पानावर घोडा जमत आला होता. आईने चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाली की बोकड चांगला आहे, पण दशावतारात बोकड कुठे असतो?

मी ते पान मोडले. हातानेच. नऊ वर्षांचा असताना असा चिडलो होतो, त्यानंतर आज. आईला ऐकू आले नसावे. पण ती तिथून उठून बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि जेवायला आली नाही.

१० एप्रिल.

लिहावेसे वाटत नाही.

कल्की नाही, तर निदान बाकीच्यांत आपला हात दिसावा म्हणून आज नरसिंह चौरंगावर घेतला. त्याच्या भुवया मला सौम्य वाटत होत्या. क्रोधाचे दैवत आहे, क्रोध दिसायला हवा, आणि क्रोधाच्या बाबतीत मला कोणी शिकवायची गरज नाही. फक्त एक रेघ द्यायची होती, भुवईवर.

पान भुवईपासून खालपर्यंत चिरत गेले. आवाज अगदी थोडा झाला. आयाळ दोन तुकडे, मांडीवरचा चेहरा दोन तुकडे.

खूप वेळ तुकडे एकमेकांना लावून बसलो. डिंक लावून पाहिला. डिंकावर काजळ पसरले. मग मी सगळ्यांना शिव्या दिल्या. हरेश्वरला, लोहाराला, मधुकरला, अनंताला. घरात ऐकायला कोणी नव्हते. आईला ऐकू येत नाही.

१२ एप्रिल, रविवार.

मुलुंडला गेलो. माफी वगैरे मागायला नव्हे, परिस्थितीची कल्पना द्यायला. अनंताने बसवले, पन्हे दिले. तो विक्रोळीच्या कारखान्यात फोरमन आहे, सगळी यंत्रे दुरुस्त करतो, पण बहिणीला चार गोष्टी सांगायचे धाडस नाही. माझे सगळे बरोबर आहे म्हणाला आणि दूध आणायला निघून गेला. भरदुपारी कसले दूध?

सुनंदा कैऱ्या सोलत होती. मी मंदिराची अब्रू, आळीची अब्रू, कमिटीचा विश्वास, सगळे मांडले. नरसिंहाचेही सांगितले. हवामानामुळे तडकला असे म्हणालो. ती सोलायची थांबली. कुठून तडकला, असे विचारले. मी म्हणालो, भुवईपासून. तिने डोळे मिटले.

मग विचारले की आईंना डोळ्यांचे औषध सकाळचे घालता की दुपारचे. मी म्हणालो, घालतो ना. तिने परत विचारले, कुठले. मला सांगता आले नाही. पाटी समोरच होती घरी, मी वाचली नव्हती.

ती आली नाही. पण तत्त्वतः तयार आहे. तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

१५ एप्रिल. रामनवमी. संध्याकाळी.

आठ अवतार भिंतीवर लावले. नरसिंह आणि कल्कीच्या जागी झेंडूच्या माळा जरा दाट सोडल्या. जन्माच्या वेळेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. पाळणा हलला, सुंठवडा वाटला, आणि माणसे भिंतीकडे वळली ती हलेनात. बाया परशुरामाच्या पायाशी नमस्कार करत होत्या. मी खांबापाशी उभा होतो. लोक माझा हात हातात घेत होते. खरे सांगतो, त्या वेळी मला राग नव्हता. कोणाचाच.

आणि मधुकर! मूर्ख! त्याने मला आनंद व्हावा म्हणून गुपचूप तयारी केली होती. सभामंडपात चौरंग, सतरंजी, हरेश्वरकडून मागवलेले कोवळे पान, आणि आमच्या घरून आईला सांगून आणलेली लेखणी. डॉक्टर धैर्यवानांनी जाहीर केले की आता कलाकार आपल्यासमोर श्रीरामाचे नाव कोरतील.

मी म्हणालो घसा बसला आहे. डॉक्टर म्हणाले, घशाचे काय काम? मी म्हणालो उजेड नाही. मधुकरने दोन दिवे जवळ आणले. सगळी आळी गोल करून बसली. मी बसलो. ‘श्री’ काढायला घेतला. त्याची पहिलीच गाठ वळली नाही. पुन्हा टोक टेकवले. हात थरथरायला लागला, आणि तो अंगातल्या जोराने थरथरत नव्हता. पान चिरले.

ज्याला कमी ऐकू येते त्याला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. आई बायकांच्या पुढच्या रांगेत होती. तिला वाटले असेल की ती शेजारणीच्या कानात सांगते आहे.

“अगं, त्याला कुठे येतं? ते सगळं माझ्या सुनेनं केलंय. हा नुसता ओरडतो.”

लोक हसले असते तर बरे झाले असते. मी सगळ्यांना फैलावर घेतले असते. कोणी हसले नाही. डॉक्टर धैर्यवानांनी चष्मा काढून पुसला. मधुकरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला की प्रसाद घेऊन घे, नंतर बोलू. आईने मला रागावून विचारले की सुनंदाला आणायला का गेला नाहीस.

१६ एप्रिल.

ऑफिसला गेलो नाही.

१७ एप्रिल.

आईचे औषध सकाळी एक थेंब, दुपारी एक, झोपताना एक. पाटीवर स्पष्ट लिहिले आहे.

१९ एप्रिल, रविवार.

मुलुंड. दादरपर्यंत भाषण तयार केले, दादरपासून पुढे ते बदलले. त्यात तिच्या वागण्यातल्या चुकाही सौम्य शब्दांत घातल्या होत्या. दार तिनेच उघडले. भाषणातले काहीच म्हणालो नाही. म्हणालो, “सगळ्यांसमोर झालं.” ती म्हणाली, तिला कळले आहे, डॉक्टर धैर्यवानांची पत्नी गुरुवारी येऊन गेली. मंदिराच्या वतीने तिने नरसिंह पुन्हा आणि कल्की नव्याने काढून द्यायला विनवले आहे. पण सुनंदाने होकार द्यायचे बाकी ठेवले होते.

कशासाठी ठेवलेस, असे विचारले. ती म्हणाली, माणूस स्वतः येतो का बघत होते.

मग म्हणाली की ती येईल, काम करील, पण काम करताना घरात आवाज चढला तर लेखणी उचलून परत इकडे. आणि पानांना बंब वापरायचा नाही. मी म्हणालो, पहिली अट जरा जाचक आहे. अनंत बाहेरच्या खोलीत खोकला. मी म्हणालो, बरे.

३ मे, रविवार.

नवा नरसिंह चालू आहे. मंदिरात आठ अवतारांखाली आता ‘सौ. सुनंदा तळपदे’ अशी पाटी आहे, मधुकरने स्वतः रंगवली. अक्षर वाईट आहे. त्याला सांगणार होतो, सांगितले नाही.

काजळ मी धरतो. पहिले दोन दिवस परातीला हात भाजला, ते कोणाला सांगायचे कारण नाही. पुसायलाही मीच. फडके एकाच दिशेने फिरवायचे, जोर देऊन नव्हे, नाहीतर रेघेतले काजळही निघून येते. हे वाटते तितके सोपे काम नाही. यात एक प्रकारची

सुनंदाने हाक मारली. खिडकीतून वारा येतो आणि पान हलते, म्हणून ते दोन्ही कडांनी दाबून धरायला माणूस लागतो. ती भुवई काढते आहे. काल मी धरले तेव्हा म्हणाली, श्वास सोडू नका, पान भिजते.

जातो.